गोव्याचं इन्क्विझिशन: मुळात कोणासाठी आलं, खटला कसा चालायचा आणि आकडे कोणते धरायचे?

मांडवीकाठ:

जुन्या गोव्यातल्या वारसाफेरीसाठी मराठी माहितीपत्रिका तयार होते आहे. त्यात इन्क्विझिशनला, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या पोर्तुगीजांच्या ख्रिस्ती न्यायालयाला, एक पान आहे आणि तेच पान अडलं आहे. जमवलेल्या मजकुरात काही जण म्हणतात हे न्यायालय हिंदूंना बाटवण्यासाठी आणलं, काही म्हणतात ज्यूंना पकडण्यासाठी. पण गोव्यात ज्यू आले कुठून? पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता 1568 मध्ये वारला, मग त्याला 1580 मध्ये शिक्षा कशी झाली? जाळलेल्यांचा आकडा एकीकडे 57, दुसरीकडे थेट "हजारो". देवळं पाडणं, पोरक्या मुलांना नेणं, कोकणीवरची बंदी हे सगळं इन्क्विझिशनच्याच नावावर घालणं बरोबर आहे का?

फेरीचा मार्ग: से कॅथेड्रलचा चौक, सेंट कॅजेटनजवळची आदिलशाही कमान, हातकातरो खांब. नेमकं लिहायचं आहे, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

जुनेदफ्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिस्बनमध्ये आहे. 1492 मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढलं तेव्हा त्यांतले पुष्कळ जण शेजारच्या पोर्तुगालात गेले. डिसेंबर 1496 मध्ये राजा मानुएलने तिथूनही त्यांच्या हद्दपारीचा हुकूम काढला. पण वैद्य, कारागीर, सावकार, व्यापारी हातचे जाऊ द्यायचे नव्हते. म्हणून 1497 मध्ये आधी लहान मुलं आईबापांपासून हिसकावून त्यांना बाप्तिस्मा दिला. मग देश सोडायला एकट्या लिस्बनचं बंदर खुलं ठेवलं आणि तिथे जमलेल्या मोठ्या माणसांनाही जबरीने बाप्तिस्मा दिला. या लोकांना "नवख्रिस्ती" म्हणत. एप्रिल 1506 मध्ये लिस्बनमध्ये त्यांची कत्तल झाली. 1536 मध्ये पोर्तुगालात इन्क्विझिशन स्थापन झालं आणि 1540 मध्ये लिस्बनला पहिला ऑटो-द-फे, म्हणजे शिक्षा जाहीर करण्याचा सोहळा, पार पडला.

कायद्यातली मेख पत्रिकेत ठळक यायला हवी. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही असा ज्यू या न्यायालयाच्या कक्षेत येत नव्हता. बाप्तिस्मा झालेला मात्र येत होता, मग तो बाप्तिस्मा कितीही जुलमाचा असो. आधी बळजबरीने ख्रिस्ती करायचं आणि नंतर त्याच आधारावर "धर्म सोडला" म्हणून पकडायचं, अशी ही रचना. त्यामुळे कोचीच्या राजाच्या आश्रयाने मट्टनचेरीत 1568 मध्ये परदेशी सिनेगॉग उभं राहू शकलं, आणि त्याच वर्षांत पोर्तुगीज कोचीतले नवख्रिस्ती बेड्यांत होते. चौल-अलिबागकडचे बेने इस्रायल जन्माने ज्यू, बाप्तिस्मा न घेतलेले, म्हणून तेही या कक्षेबाहेर.

नवख्रिस्ती गोव्याला आले ते लिस्बनपासून दूर राहता यावं म्हणून आणि व्यापारासाठी. ओर्ता 1534 मध्ये आला. पण इथेही पाठलाग सुटला नाही. 1543 मध्ये, म्हणजे न्यायालय यायच्या सतरा वर्षं आधी, जेरोनिमु दियश या नवख्रिस्ती वैद्याला गोव्यात मारून जाळण्यात आलं. तो खटला बिशपच्या अधिकारात चालला. 1546 मध्ये फ्रान्सिस झेवियरने राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशनची मागणी केली. कारण त्याने स्वतःच दिलं आहे: मोझेसच्या आणि महंमदाच्या धर्माप्रमाणे राहणारे इथे पुष्कळ आहेत. त्या मागणीत हिंदूंचा उल्लेख नाही. 1557 मध्ये कोचीत नवख्रिस्त्यांची धरपकड होऊन त्यांना लिस्बनला धाडण्यात आलं. 1560 मध्ये आलेइशो दियश फाल्कांव आणि फ्रान्सिश्कु मार्किश हे दोघे इन्क्विझिटर गोव्यात उतरले आणि न्यायालय सुरू झालं.

म्हणून "आणलं कशासाठी" याचं उत्तर नवख्रिस्ती, आणि "पुढे बहुसंख्य खटले कोणावर" याचं उत्तर बाटवलेले हिंदू. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, त्यांत काळाचं अंतर आहे. सुरुवातीच्या दशकांत जिवानिशी गेलेल्यांत ज्यू वंशाचे लोक प्रामुख्याने होते. सोळावं शतक संपता संपता ते मारले गेले, लिस्बनला पाठवले गेले किंवा पोर्तुगीज हद्दीबाहेर निघून गेले. मग न्यायालयाचं बहुतेक काम "जेंतिलिदाद", म्हणजे ख्रिस्ती झाल्यावर हिंदू रीत पाळणं, या आरोपावर चालू लागलं.

पोथीवाचक:

खटल्याची पद्धत सांगतो, कारण खरी दहशत तिथे आहे. पत्रिकेत जागा कमी असली तरी हा भाग कापू नका.

सुरुवात चर्चमध्ये व्हायची. तिथे "एदितु द फे" हे जाहीर फर्मान वाचलं जाई आणि त्यात संशयास्पद चालीरीतींची यादी असे. ज्यूंच्या बाबतीत पोर्तुगीज यादीत काय होतं पाहा: शुक्रवारी संध्याकाळी स्वच्छ वाती घालून दिवे लावणं, शनिवारी धुतलेला सदरा घालणं, शनिवारी चूल न पेटवणं, डुकराचं मांस, ससा आणि खवले नसलेले मासे न खाणं, सप्टेंबरातला मोठा उपास, मयताला आंघोळ घालून नव्या कापडात गुंडाळणं, घरात मरण झालं की रांजणातलं पाणी ओतून देणं, भिंतीकडे तोंड करून मान हलवत प्रार्थना करणं. यातलं काही पाहिलं असेल तर ठरलेल्या मुदतीत येऊन सांगा, न सांगाल तर बहिष्कृत व्हाल, अशी ताकीद त्यात असे. हे सगळं घरातलं, स्वयंपाकघरातलं. ते पाहतं कोण? मोलकरीण, घरातला गुलाम, सून, शेजारीण. एरवीच्या कोर्टात ज्याची साक्ष चालली नसती त्याचीही इथे चालत असे.

साक्षी पुरेशा वाटल्या की अटक. अटकेसोबतच मालमत्ता जप्त होई आणि तिची यादी कैद्याकडूनच वदवून घेतली जाई. निकाल लागायचा असला तरी कैद्याचा खर्च त्याच पैशांतून निघे. मग कोठडी, बहुधा एकट्याची. बाहेरच्याशी बोलणं बंद, निरोप बंद, आणि सुटल्यावरही आतलं काही न सांगण्याची शपथ.

सुनावणी "मेझा"समोर, म्हणजे इन्क्विझिटरांच्या टेबलासमोर होई. आधी वंशावळीची बैठक: आजोबा-पणजोबा कोण, नातलगांतल्या कोणाला आधी शिक्षा झाली आहे का. मग धर्माबद्दल सर्वसाधारण प्रश्न. त्यानंतर नेमके आरोप, पण ठिकाण, दिवस आणि साक्षीदाराचं नाव काढून. "अमुक महिन्यात एका व्यक्तीसोबत धर्मद्रोहाचं बोलणं केलं" एवढंच कैद्याला कळे. बचावाचा एक मार्ग होता, त्याला "कोंत्रादिताश" म्हणत. आपल्याशी कोणाचं वैर आहे ते कैद्याने सांगायचं आणि कारण सिद्ध करायचं. सांगितलेल्या नावांत खरा साक्षीदार निघाला तर त्याची साक्ष कमकुवत ठरे. म्हणजे अंधारात नेम धरायचा. म्हणून कैदी डझनावारी नावं देत आणि शेजारीपाजारी, भाऊबंद, कर्जदार सगळ्यांना त्यात ओढत.

आता सगळ्यात क्रूर भाग. कबुली दिली तर जीव वाचे, पण कबुली "पूर्ण" हवी, म्हणजे आपल्यासोबत कोण होतं त्यांचीही नावं हवीत. न्यायालयाकडे दहा नावं आहेत आणि कैद्याने सातच सांगितली, तर तो "दिमिनुतु" ठरे, कबुली अपुरी धरली जाई आणि त्यावरही मृत्युदंड होऊ शके. सगळं नाकारणारा "नेगातिवु". साक्षी जुळल्या की त्यालाही मरणच. त्यामुळे निर्दोष माणसाला वाचायचं तर न केलेला गुन्हा कबूल करून इतरांना गोवावं लागे. एक अटक झाली की वर्षभरात सगळं कुटुंब आत जाई ते यामुळे. पुरावा अर्धवट वाटला तर छळ: "पोले", म्हणजे मागे बांधलेल्या हातांनी दोरीवर वर ओढून झटक्याने खाली सोडणं, आणि "पोत्रु", म्हणजे लाकडी चौकटीवर बांधून दोऱ्या आवळणं. छळात दिलेली कबुली नंतर शुद्धीवर पुन्हा वदवून घेत, म्हणजे ती कागदावर "स्वेच्छेची" ठरे.

निकाल ऑटो-द-फेमध्ये वाचले जात. कैदी अनवाणी, हातात मेणबत्ती, अंगात "सांबेनितु" हा पिवळा अंगरखा आणि त्यावर तिरका क्रूस. मृत्युदंड झालेल्यांच्या अंगरख्यावर ज्वाळा आणि सैतान रंगवलेले. आयत्या वेळी कबुली देऊन वाचलेल्यांच्या अंगरख्यावरच्या ज्वाळा उलट्या, खाली तोंड केलेल्या. चर्चने स्वतः रक्त सांडायचं नाही, म्हणून दोषीला "राजसत्तेच्या हाती" सोपवत आणि सरकारी न्यायाधीश त्याच दिवशी जाळण्याचा हुकूम देत. ख्रिस्ती म्हणून मरायला तयार असलेल्याचा आधी गळा आवळत, नकार देणाऱ्याला जिवंत जाळत. गोव्यात ही जागा साऊं लाझारुचं मैदान.

शार्ल देलॉन या फ्रेंच वैद्याचं उदाहरण देता येईल, कारण त्याने सुटल्यावर सगळं लिहून 1687 मध्ये छापलं. दमणला 1673 मध्ये अटक, जानेवारी 1676 मध्ये गोव्यातल्या ऑटो-द-फेत निकाल. बाप्तिस्मा, मूर्ती आणि इन्क्विझिशन यांबद्दल बोलण्याच्या ओघात काढलेले शब्द त्याला भोवले. आपल्यावर आरोप काय आहे हे त्यालाच आठवून सांगायला लावलं जाई. कोठडीत त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. शिक्षा: मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपार, पोर्तुगालच्या गलबतांवर पाच वर्षं सक्तमजुरी.

मांडवीकाठ:

पद्धत प्रथमच नीट कळली. ओर्ताचा भाग कोणी पूर्ण कराल का? पणजीच्या बागेला त्याचं नाव आहे, त्यामुळे लोक हमखास विचारतात.

जुनेदफ्तर:

गार्सिया द ओर्ता मूळचा कास्तेलु द व्हिदचा. आईबाप स्पेनमधून आलेले ज्यू, 1497 च्या लाटेत बाटवलेले. शिक्षण सालामांका आणि अल्काला इथे. गोव्यात त्याने राज्यपालांपासून अहमदनगरच्या बुरहान निजामशहापर्यंत अनेकांवर औषधोपचार केले. मुंबई बेट त्याच्याकडे पोर्तुगीज राजाकडून भाडेपट्ट्याने होतं. हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. जिवंत असताना त्याच्यावर खटला झाला नाही. वरची ओळखपाळख हे त्याचं एक कारण.

पण बहीण कातारिनाला 1547 मध्ये लिस्बनला एकदा अटक झालेली होती. भाऊ गेल्यावर संरक्षण संपलं. तिला पकडलं आणि 25 ऑक्टोबर 1569 ला गोव्यात जाळलं. तिच्या आणि नातलगांच्या जबान्यांतून गार्सियाविरुद्ध मजकूर जमा झाला: मोझेसचा धर्मच खरा, शनिवार पाळावा, असं तो मानत असे.

मेलेल्यावर खटला कसा? इन्क्विझिशनच्या नियमात मृत्यूने धर्मद्रोहाचा गुन्हा संपत नसे. वारसांना बोलावणं जाई, आरोपपत्र वाचलं जाई, वकील नेमला जाई, निकाल दिला जाई. दोषी ठरला तर हाडं उकरून जाळत. हाडं मिळाली नाहीत किंवा आरोपी फरारी असला तर पुतळा जाळत. यामागे धर्मश्रद्धेइतकाच हिशेब होता: धर्मद्रोह्याची मालमत्ता गुन्हा घडला त्या दिवसापासून जप्तीस पात्र, म्हणजे वारसांच्या हातातलीही काढून घेता येई. शिवाय मुलानातवंडांना सरकारी हुद्दे बंद आणि घराण्यावर कायमचा डाग. ओर्ताची हाडं 4 डिसेंबर 1580 ला जाळली. पत्रिकेत "ओर्ताला जाळलं" असं लिहू नका, "मृत्यूनंतर बारा वर्षांनी हाडं उकरून जाळली" असं लिहा. आणि कातारिनाचं नाव गाळू नका. जिवंतपणी चितेवर गेली ती ती, आणि बागेच्या पाटीवर नाव आहे भावाचं.

अंत्रुजकर:

हिंदूंच्या बाजूचं सांगतो. इथे चार वेगवेगळे हात आहेत आणि पत्रिकेत ते वेगळेच दिसले पाहिजेत. लोकांवर अन्याय सगळ्यांनीच केला, पण कोणी कोणता केला हे चुकलं की पुढचा माणूस पूर्ण गोष्टच खोटी ठरवतो.

देवळं पाडली ती राजाच्या आणि व्हाइसरॉयच्या हुकमाने: तिसवाडीत 1540 च्या सुमारास आणि गोव्यातल्या साष्टीत 1567 मध्ये, तेही राशोलच्या कप्तानाच्या देखरेखीखाली. त्याच काळात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला नेली. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणून तिथे देव सुरक्षित राहिले. पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन सेंट पॉल कॉलेजात ठेवण्याचा कायदा 1559 चा आणि तोही राजाचाच. अंमल "पाय दुश क्रिश्तांवश", म्हणजे "ख्रिस्त्यांचा पिता", नावाच्या अधिकाऱ्याकडे. 1567 च्या धर्मपरिषदेने ब्राह्मणांवर आणि हिंदू विधींवर निर्बंध सुचवले आणि सरकारने ते कायद्यात आणले. कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम 27 जून 1684 चा, व्हाइसरॉय कोंदि द आल्वोरचा. तो निघाला संभाजी महाराजांच्या स्वारीनंतर वर्षभराच्या आत.

इन्क्विझिशनचा हात मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर. मात्र ख्रिस्ती झालेल्याला परत वळवणं, धर्मांतरात अडथळा आणणं या कारणांनी न बाटलेल्या हिंदूंनाही तिथे ओढत. आणि इथे वर आलेली ज्यूंची यादी पुन्हा दिसते, फक्त वस्तू बदलतात. 14 एप्रिल 1736 चं गोवा इन्क्विझिशनचं फर्मान पाहा: मीठ न घालता भात शिजवणं, अंगणात तुळस लावणं, एकादशीचा उपास, लग्नात विडा, सुपारी, फुलं वाटणं आणि गाणी म्हणणं, पुरुषांनी पुडवें (धोतर) नेसणं, बायकांनी चोळी घालणं, सगळ्याला बंदी. शनिवारची विझलेली चूल आणि बिनमिठाचा भात या दोन्हींना पुरावा मानणारं डोकं एकच. पत्रिकेच्या पानावर या दोन याद्या शेजारी छापा. ज्यू आणि हिंदू यांतलं कोणाचं दुःख मोठं हा वाद त्यापुढे टिकत नाही.

तिसरा गट विसरू नका: मुसलमान धर्माकडे परतलेले, प्रोटेस्टंट खलाशी, आणि केरळचे सुरियानी ख्रिस्ती. त्या सुरियानींची पुस्तकं 1599 च्या उदयम्पेरूर धर्मसभेनंतर जाळली गेली, पण ते काम आर्चबिशप मेनेझिशचं.

पोथीवाचक:

आकड्यांबद्दल. 1561 ते 1774 या काळासाठी अभ्यासात सुमारे 16,000 खटल्यांची मोजणी येते. प्रत्यक्ष जाळलेले 57 आणि पुतळ्याच्या रूपात जाळलेले 64 हे आकडे त्याच काळासाठी दिले जातात. "हजारो जाळले" याला आधार नाही. ते लिहिलंत तर जाणकार वाचक उरलेलं पानही बाजूला ठेवेल. पण 57 हा आकडा एकटा छापणंही चूक. कोठडीत मेलेले त्यात नाहीत. घरदार जप्त होऊन देशोधडीला लागलेले नाहीत. गलबतांवर आणि बंदुकीच्या दारूच्या कारखान्यात राबवलेले नाहीत. आणि भीतीने गाव सोडून घाटापलीकडे किंवा मंगळूरकडे गेलेली कुटुंबं तर कोणत्याच यादीत नाहीत. 16,000 आणि 57 हे दोन्ही एकाच वाक्यात द्या.

मूळ कागद पाहणाऱ्यासाठी: हे न्यायालय 1774 मध्ये पोर्तुगालचा मंत्री मार्केस द पोंबाल याने बंद केलं, 1778 मध्ये पुन्हा उघडलं आणि 1812 मध्ये कायमचं मिटलं. त्यानंतर गोव्यातली खटल्यांची दप्तरं जाळण्यात आली, म्हणून लिस्बनसारखा सबंध खटला हाती लागणं फार दुर्मीळ. उरलं ते असं: 1561 ते 1623 मधल्या सुमारे 3,800 खटल्यांची नावनिशीवार सूची, जी इन्क्विझिटर जुआंव देल्गादु फिगैरा याने केली. ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात नाव, मूळ, आरोप आणि शिक्षा एवढंच सापडतं, जबान्या नाहीत. दुसरं, गोव्याहून लिस्बनला दरसाल गेलेली पत्रं आणि ऑटो-द-फेच्या याद्या. त्यांचा काही भाग तोर्रे दु तोंबु अभिलेखागारात, काही रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. मराठीत वाचायला बसलात तर अ. का. प्रियोळकरांपासून सुरुवात करा. त्यांचं यावरचं मुख्य पुस्तक इंग्रजीत, 1961 चं, पण देलॉनचा वृत्तांत त्यात आहे.

सूची वाचताना एक खबरदारी. बाप्तिस्म्यानंतरची नावं सरसकट पोर्तुगीज असतात, त्यामुळे नुसत्या नावावरून ज्यू वंशाचा, गोरा जुना ख्रिस्ती की स्थानिक हे ठरवता येत नाही. आरोपाचा रकाना आणि "नवख्रिस्ती" किंवा गावाचा शेरा पाहूनच ठरवा.

अंत्रुजकर:

फेरीच्या मार्गातल्या तीन दुरुस्त्या. सेंट कॅजेटनजवळची कमान म्हणजे आदिलशहाच्या किल्ल्यातल्या वाड्याची, जिथे 1554 पासून व्हाइसरॉय राहत. इन्क्विझिशनची इमारत वेगळी. ती सबायोचा जुना वाडा, से कॅथेड्रलच्या चौकाकडेची. लोक तिला "थोरलें घर" म्हणत. आज ती उभी नाही, त्यामुळे गटाला चौकात उभं करून मोकळी जागाच दाखवावी लागेल.

हातकातरो खांबाबद्दल लोकांत सांगतात की तिथे इन्क्विझिशनने हात तोडले. न्यायालयाची पद्धत वर आली आहेच: छळ बंद दाराआड, निकाल चर्चमध्ये, मरण साऊं लाझारुच्या मैदानात. चौकातला दगडी खांब हे पोर्तुगीज शहरांत नगरसभेच्या न्यायाचं चिन्ह असे. "लोकपरंपरेप्रमाणे" हा शब्द घालून ती हकिकत वेगळ्या चौकटीत द्या, न्यायालयाच्या मजकुरात मिसळू नका.

आणि जागा उरली तर वसईची एक ओळ. वसईला आणि चौललाही याच न्यायालयाचा अंमल पोहोचत असे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि 1740 मध्ये चौल मराठ्यांकडे आलं, तेव्हा उत्तर कोकणातला तो भाग इन्क्विझिशनच्या हातून गेला. महाराष्ट्रातून फेरीला येणाऱ्यांना हे सहसा माहीत नसतं.

मांडवीकाठ:

दोन याद्या शेजारी, आकडे एका वाक्यात, चार हात वेगळे, खांब चौकटीत: असं पान बांधतो. कच्चा मजकूर इथेच टाकेन. कातारिनाचं नाव ओर्ताच्या आधी येईल.